निवडलेल्या शब्दाची खूण

पावसाच्या नक्षत्रांवरचं एक साधं वेबपान डोळ्यांसमोर आणू या. वर एका ओळीत नऊ नावं आहेत: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. नावावर क्लिक केलं की खाली त्या नक्षत्राची माहिती येते. सूर्य मृगात साधारण ७-८ जूनला प्रवेश करतो, त्या सुमारास शेतात कोणती कामं चालतात, वगैरे. माहिती येते खरी, पण वरच्या ओळीतली नऊही नावं जशीच्या तशीच राहतात. वाचणारा मघापर्यंत पोहोचला आणि मध्येच फोन आला, तर परत आल्यावर आपण कुठे होतो हे त्याला खालचा मजकूर वाचूनच शोधावं लागतं.

निवडलेल्या नावाचा रंग बदलला किंवा त्यामागे फिकट पट्टा उमटला, तर ही अडचण राहत नाही. वेबपानं तयार करायला शिकणारे बहुतेक जण सुरुवातीलाच हे करून बघतात. स्क्रिप्ट जेमतेम आठ-दहा ओळींची होते. पण तेवढ्या ओळींत वेबच्या रचनेचं एक मूलतत्त्व शिकायला मिळतं. रंग बदलणं हा शेवटचा, दिसणारा परिणाम आहे. त्याआधीचं काम म्हणजे कोणतं नाव निवडलेलं आहे याची नोंद ठेवणं. ही नोंद नीट ठेवली की रंग आपोआप जागेवर येतो, आणि नोंद न ठेवता नुसता रंग लावला की गोंधळ सुरू होतो.

निळा रंग कुठून आला

क्लिक करता येणारा शब्द वेबपेक्षा जुना आहे. एका मजकुरातून दुसऱ्याकडे नेणाऱ्या मजकुरासाठी हायपरटेक्स्ट हा शब्द टेड नेल्सन यांनी १९६५ साली छापील लेखनात वापरला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांनी माऊसचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं. त्याच कार्यक्रमात पडद्यावरच्या एका मजकुरातून दुसऱ्या मजकुरात उडी मारता येते, हेही लोकांनी पाहिलं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन आणि त्यांचे सहकारी एका नेमक्या प्रश्नावर काम करत होते. तोवर संगणकावर निवड करायची म्हणजे बहुतेकदा पडद्यावर आकडे घातलेली वेगळी यादी असे. ती यादी काढून टाकून वाक्यातलाच शब्द निवडता आला तर? मग तो शब्द बाकीच्या शब्दांपेक्षा वेगळा दिसायला हवा, पण इतकाही भडक नको की वाक्य वाचताना डोळा अडखळेल. त्यांनी वेगवेगळे रंग वाचकांवर तपासून पाहिले आणि फिकट निळा पसंत केला.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला, तो नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर. त्याचा पडदा करड्या छटांचा होता, त्यामुळे लिंकला रंग देण्याचा प्रश्नच नव्हता; शब्दाखाली रेघ ओढली जाई. रंग घराघरांत पोहोचवला तो इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझॅक ब्राउझरने. एप्रिल १९९३ मधल्या त्याच्या एका आवृत्तीत न उघडलेली लिंक निळी, सलग रेघेची आणि उघडून पाहिलेली लिंक गडद जांभळी, तुटक रेघेची ठरवली गेली. तीच जोडी आजही बहुतेक ब्राउझरमध्ये मूळ रंग म्हणून टिकून आहे.

लिंक कशी दिसावी हे ठरवण्याचा अधिकार पुढे पान लिहिणाऱ्याकडे आला. आधी सगळ्या पानासाठी मिळून न पाहिलेली, पाहिलेली आणि दाबलेली अशा लिंकचे तीनच रंग सांगता येत. १० ऑक्टोबर १९९४ रोजी सर्नमध्येच काम करणाऱ्या होकॉन व्हियुम ली यांनी स्टाइलशीटची, म्हणजे पानाचं रूप वेगळं लिहून ठेवण्याची, कल्पना मांडली. बर्ट बॉस यांच्या साथीने तिला आकार आला आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस या नावाने तिचं पहिलं मानक जाहीर झालं. दरम्यान मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना उभा केला. तीच जावास्क्रिप्ट. तेव्हापासून पानाचा सांगाडा एचटीएमएलकडे, रूप सीएसएसकडे आणि हालचाल जावास्क्रिप्टकडे, अशी कामाची वाटणी आहे. निवडलेल्या शब्दाच्या प्रश्नात या तिघांनाही हात लावावा लागतो.

दाबलेलं म्हणजे निवडलेलं नव्हे

सीएसएसला लिंकच्या काही अवस्था उपजतच कळतात. न पाहिलेली लिंक, पाहिलेली लिंक, माऊसचा बाण वर असताना होव्हर, कीबोर्डने तिथपर्यंत आल्यावर फोकस आणि दाबताना अ‍ॅक्टिव्ह. होव्हर आणि फोकस या दोन अवस्था १९९८ च्या दुसऱ्या मानकात आल्या. या नियमांचा क्रमही महत्त्वाचा आहे. एकाच लिंकला सारख्याच वजनाचे दोन नियम लागू पडले तर नंतर लिहिलेला नियम जिंकतो. म्हणून आधी न पाहिलेली, मग पाहिलेली, मग होव्हर आणि शेवटी अ‍ॅक्टिव्ह असा क्रम ठेवतात. अ‍ॅक्टिव्ह आधी लिहिलं आणि होव्हर नंतर, तर माऊसने दाबतानाचा रंग कधीच दिसत नाही, कारण दाबताना बाण लिंकवरच असतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती अ‍ॅक्टिव्हच्या बाबतीत. शिकणारा समजतो की ही निवडलेली अवस्था आहे. तो लाल रंगाचा नियम लिहितो, क्लिक करतो, आणि लाल रंग क्षणभर चमकून जातो. अ‍ॅक्टिव्ह ही अवस्था माऊसचं बटण दाबल्यापासून सोडेपर्यंतच टिकते. बोट उचललं की ब्राउझरच्या लेखी ती संपली. तुम्ही मघा निवडलं होतं, ही गोष्ट त्याने कुठेही लिहून ठेवलेली नसते.

ब्राउझर आपण होऊन आठवणीत ठेवतो ती गोष्ट एकच: लिंक पूर्वी उघडली होती का. पण तिचा इथे उपयोग नाही. वाचकाने नऊही नक्षत्रं पाहिली की नऊही नावं जांभळी होतात आणि आत्ता कोणतं उघडं आहे, हा प्रश्न तसाच राहतो.

या जांभळ्या रंगाने तर एकदा मोठीच अडचण उभी केली होती. एखादं पान वाचकाला न दिसतील अशा हजारो लिंक मांडायचं आणि स्क्रिप्टकरवी प्रत्येकीचा रंग विचारायचं. जी जांभळी, ती वाचकाने पूर्वी पाहिलेली. अशा रीतीने कोण कुठल्या बँकेच्या, कुठल्या आजाराच्या, कुठल्या पक्षाच्या पानावर जाऊन आला हे परक्याला कळू शकत होतं. २०१० मध्ये मोझिलाच्या डेव्हिड बॅरन यांनी यावर उपाय मांडला आणि इतर ब्राउझरांनीही तोच मार्ग धरला. त्यानंतर स्क्रिप्टने रंग विचारला, तर ब्राउझर सरसकट न पाहिलेल्या लिंकचाच रंग सांगतो. शिवाय पाहिलेल्या लिंकचे फक्त रंग बदलता येतात. आकार, जाडी किंवा जागा बदलता येत नाही, कारण जागा बदलली की शेजारच्या अक्षरांच्या हलण्यावरून ते मोजता येतं. २०२५ मध्ये क्रोमने आणखी पुढचं पाऊल टाकलं. आता एखादी लिंक पाहिलेली दिसते, ती मुख्यतः ज्या साइटवरून ती उघडली होती त्याच साइटवर. पडद्यावरचा रंग ही माहिती असते, आणि माहिती कोणाला द्यायची याचा विचार करावाच लागतो, हे या घटनाक्रमाने शिकवलं.

रंग फासण्याची जुनी रीत

निवडीची नोंद ब्राउझर ठेवत नाही, तर ती स्क्रिप्टने ठेवावी लागते. पहिल्या प्रयत्नात सहसा सुचते ती रीत अशी: प्रत्येक नावाला सांगायचं की तुझ्यावर क्लिक झाली की स्वतःचा रंग लाल कर. मृगावर क्लिक करा, मृग लाल. आर्द्रावर करा, आर्द्रा लाल. पण मृगही अजून लालच. नवव्या क्लिकला सगळी ओळ लाल. प्रत्येक नावाला स्वतःपुरता हुकूम मिळाला, आधीच्या नावाने मागे सरायचं हे कोणी सांगितलंच नाही.

मग शिकणारा आधी सगळ्यांना काळं करून मग एकाला लाल करतो. हे चालतं, पण दुसरा प्रश्न उरतो. स्क्रिप्टने थेट लावलेला रंग त्या शब्दाच्या टॅगवरच, म्हणजे एचटीएमएलमधल्या त्याच्या वेष्टनावरच, चिकटतो आणि स्टाइलशीटमधल्या साध्या नियमांवर मात करतो. उद्या रात्री वाचण्यासाठी काळ्या पार्श्वभूमीची सोय करायची ठरवली, तर स्टाइलशीट पांढरी अक्षरं मागते आणि स्क्रिप्टने काळं केलेलं नाव काळ्यावर काळं होऊन नाहीसं होतं. रंग बदलायला रूप ठरवणारा माणूस स्टाइलशीट उघडतो आणि त्याला तो रंग तिथे सापडतच नाही, कारण तो जावास्क्रिप्टच्या फायलीत दडलेला असतो.

एकच बिल्ला

चांगली रीत अशी की स्क्रिप्टने रंगाचं नावही काढू नये. तिने फक्त खूण ठेवावी. वर्गाचा मॉनिटर बदलताना बाई एका मुलाच्या खिशावरचा बिल्ला काढून दुसऱ्याच्या खिशावर लावतात. बिल्ला एकच असतो, त्यामुळे दोन मॉनिटर होऊच शकत नाहीत. इथे बिल्ल्याचं काम क्लास करतो. क्लास म्हणजे टॅगला दिलेलं एक नाव. ते देवनागरीतही चालतं, म्हणजे क्लासचं नाव सरळ ‘निवडलेले’ असू शकतं. स्टाइलशीटमध्ये एकदाच लिहायचं की ‘निवडलेले’ हा क्लास ज्याला असेल त्याचा रंग अमुक, पार्श्वभूमी तमुक. स्क्रिप्टचं काम तीन पायऱ्यांत संपतं: क्लिक कोणावर झाली ते ओळखायचं, ज्याच्याकडे क्लास आहे त्याच्याकडून काढायचा, नव्याला द्यायचा.

क्लिक ओळखण्यासाठी नऊ नावांवर नऊ पहारेकरी बसवायची गरज नाही. क्लिक ज्या टॅगवर होते तिथे न थांबता तिची वार्ता बाहेरच्या टॅगकडे, मग त्याच्याही बाहेरच्याकडे अशी वर चढत जाते. याला इव्हेंट बबलिंग म्हणतात. म्हणून नऊ नावांना कवेत घेणाऱ्या एकाच टॅगवर कान ठेवला तरी पुरतं. नावात एखादं चित्र किंवा ठळक अक्षर असेल तर क्लिक नेमकी त्यावर होऊ शकते; अशा वेळी ‘क्लोजेस्ट’ ही सोय त्या ठिकाणापासून वर जात पहिली लिंक शोधून देते. पुढे चित्रा आणि स्वातीही ओळीत घ्यावीशी वाटली तर स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही. क्लास देण्या-काढण्यासाठी ‘क्लासलिस्ट’ आहे. तिच्यात अ‍ॅड, रिमूव्ह आणि टॉगल या क्रिया आहेत. एका वेळी एकच निवड हवी असेल तर पहिल्या दोन, आणि एकाच वेळी अनेक निवडी चालणार असतील तर टॉगल. ही सोय सर्वत्र मिळण्याआधी, २००६ साली जॉन रेसिग यांनी आणलेल्या जेक्वेरी या संचाने हेच काम वर्षानुवर्षं सोपं करून दिलं.

पान पुन्हा उघडल्यावर

आता रंग बरोबर बदलतो. पण पान रिफ्रेश करा, खूण गेली. स्क्रिप्टची आठवण पान उघडं असेपर्यंतच असते. शिवाय मघावरून पूर्वावर गेलात आणि ब्राउझरचं मागे जाण्याचं बटण दाबलंत, तर मजकूर मघाचा येतो आणि खूण मात्र पूर्वावरच राहते. नोंद आणि वस्तुस्थिती यांची फारकत झाली.

याचं मूळ असं की आपण क्लिकवर कान ठेवला, आणि क्लिक हा निवड बदलण्याचा अनेकांपैकी एकच मार्ग आहे. नोंद ठेवायची खरी जागा आहे पानाचा पत्ता. प्रत्येक नावाची लिंक पत्त्याच्या शेवटी हॅशचं चिन्ह आणि नक्षत्राचं नाव जोडते. मग स्क्रिप्टने क्लिकऐवजी हा शेवटचा तुकडा बदलण्याच्या घटनेवर, म्हणजे ‘हॅशचेंज’वर लक्ष ठेवायचं, आणि पान उघडताना तेच काम एकदा करायचं. क्लिक करा, मागे जा, पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर मैत्रिणीला पाठवा. खूण दर वेळी योग्य नावावरच येते.

देवनागरी वापरणाऱ्याने इथे एक काळजी घ्यायची. स्क्रिप्टने पत्त्याचा तो तुकडा वाचला की ‘मृग’ अक्षररूपात मिळत नाही. म, ऋकार आणि ग ही तीन चिन्हं. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट. आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन अंक-अक्षरं अशा तीन खुणांनी लिहिला जातो. म्हणजे दोन अक्षरांच्या मृगाचं सत्तावीस खुणांचं सांकेतिक रूप हाती येतं. ते उलगडण्याची क्रिया जावास्क्रिप्टमध्ये तयारच आहे. ती वापरली नाही तर नाव जुळत नाही आणि खूण कुठेच लागत नाही.

स्क्रिप्टशिवायही यातलं बरंच साधतं. पत्त्याने दाखवलेला भाग सीएसएसला ‘टार्गेट’ या अवस्थेवरून ओळखता येतो, आणि डिसेंबर २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत असलेल्या ‘हॅज’ या सोयीने त्यावरून वरच्या नावाचं रूप बदलता येतं. मात्र नऊ नावांसाठी नऊ नियम लिहावे लागतात, आणि बदल फक्त दिसण्यात होतो. ज्याला तो दिसत नाही त्याला काहीच कळत नाही.

डोळ्यांपलीकडचा वाचक

अंध वाचक स्क्रीन रीडर वापरतात. एनव्हीडीए हा त्यातला मोफत मिळणारा आणि खूप वापरला जाणारा प्रोग्राम. तो नावं वाचून दाखवतो. लाल रंग वाचून दाखवत नाही. त्याच्यासाठी ‘एरिया-करंट’ नावाचं अ‍ॅट्रिब्यूट आहे, २०१७ पासून अधिकृत मानकात असलेलं. ते लावलं की स्क्रीन रीडर नावाबरोबर हेच सध्याचं आहे असंही सांगतो. मग क्लास हवाच कशाला? स्टाइलशीटमधला नियम थेट या अ‍ॅट्रिब्यूटला बांधता येतो. स्क्रिप्टने एकच खूण हलवायची, ती डोळ्यांनाही दिसते आणि कानांनाही कळते. दोन वेगळ्या खुणा ठेवल्या तर कधी तरी त्यांतली एक हलवायची राहते.

रंगांधता असणाऱ्या बहुतेक वाचकांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट जाणवत नाही. म्हणून वेबच्या सुगम्यतेचे जागतिक निकष सांगतात की केवळ रंगावर माहिती सोपवू नका, आणि साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी विरोध किमान ४.५ ला १ ठेवा. पांढऱ्यावरचा शुद्ध लाल जेमतेम ४ ला १ भरतो. आपल्याकडे हौसेने वापरला जाणारा केशरी तर त्याहून खूप खाली येतो. गडद लाल किंवा गडद निळा घ्यावा, आणि केशरी अक्षरांऐवजी त्यांच्या मागच्या पट्ट्याला द्यावा.

कीबोर्डवरच काम करणाऱ्यांचाही विचार हवा. जिला खरा पत्ता आहे ती लिंक आणि बटणाचा टॅग या दोन्हींपर्यंत टॅबची कळ पोहोचते. साध्या मजकुराला क्लिक जोडून लिंकसारखा रंग दिला तर माऊसवाल्याला फरक जाणवत नाही, पण कीबोर्डवाल्याला तिथे पोहोचताच येत नाही.

अक्षरांचा स्वभाव

निवडलेलं नाव वेगळं दाखवण्याच्या प्रचलित युक्त्या रोमन लिपीवर घडल्या आहेत. मोठी अक्षरं करणं देवनागरीत शक्यच नाही. तिरका टाइप आपल्या लिपीच्या परंपरेत नाही. फॉन्टमध्ये तो नसला तर ब्राउझर अक्षरं यंत्रवत कलती करतो आणि जोडाक्षरं विद्रूप होतात. अधोरेखनात उकार-ऋकार आडवे येतात. आपल्या नऊ नावांपैकी मृग, पुनर्वसू, पुष्य आणि पूर्वा या चारांत ते आहेत. ब्राउझर अशा जागी रेघ तोडतो, त्यामुळे पुनर्वसूखालची रेघ तुकड्यातुकड्यांची दिसते. ‘टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट’ या नियमाने ती मात्रांच्या खाली उतरवली की शब्द मोकळा होतो.

ठळक टाइपचा त्रास वेगळा. ठळक अक्षरं जास्त जागा घेतात, म्हणून आश्लेषा निवडताच तिच्या पुढची चार नावं उजवीकडे सरकतात आणि पुढची क्लिक भलत्या नावावर होऊ शकते. त्यापेक्षा प्रत्येक नावाखाली आधीच एक पारदर्शक जाड पट्टी ठेवावी आणि निवड झाल्यावर तिलाच रंग द्यावा. जागा तेवढीच राहते, काही हलत नाही.

करून पाहा

आपण तयार केलेलं पान पुढच्या कसोट्यांवर घासून पाहा. नाव निवडा आणि माऊस बाजूला न्या. खूण टिकते का? नऊही नावं एकामागून एक निवडा. खूण एकाच नावावर राहते का? रिफ्रेश करा, मागे जा. खूण आणि मजकूर जुळतात का? माऊस न वापरता टॅब आणि एंटरवर काम चालतं का? पडदा करडा करून पाहिल्यावर निवडलेलं नाव ओळखू येतं का? स्क्रीन रीडर ते सांगतो का? शेवटी स्टाइलशीटमधला एकच रंग बदला आणि स्क्रिप्टची फाइल न उघडता सगळं पान त्या रंगाशी जुळवून घेतं का, तेही बघा.

एखादी कसोटी फसली तर आधी रंग तपासत बसू नका. नोंद कुठे ठेवली आहे आणि ती कोण बदलतं, हे शोधा. चूक बहुधा तिथेच सापडेल. मराठीतले शब्दकोश, ग्रंथसंग्रह, शासकीय निर्णय, शेतीविषयक माहिती आता मोठ्या प्रमाणावर वेबवर येत आहे. त्यातल्या लांबलचक याद्यांत वाचकाला आपण कुठे आहोत हे प्रत्येक क्षणी कळणं हा त्याचा हक्क आहे. आठ-दहा ओळींची नीट लिहिलेली स्क्रिप्ट तो हक्क पाळू शकते, म्हणून ती काळजीपूर्वक लिहायला हवी.